शेंदराचं हसू

शालिकरामजी आमच्या सक्करदऱ्याच्या घरात मागच्या दोन खोल्यांत बारा वर्षं राहिले. काम जोकरचं. वाढदिवस, लॉनवरची लग्नं, दुकानांची उद्घाटनं. त्यांचा उजवा हात मनगटापासून खाली लुळा पडला, आणि तो तसा पडण्यात माझा वाटा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला भली बाई समजणार नाही.

मी रोज दुपारी वहीत रामनामाची दोन पानं लिहिते आणि खाली दिवसभराच्या चार ओळी. त्या वह्या काढून तारखा जुळवल्या, म्हणून एवढं नीट सांगता येतंय. नाहीतर आपल्या चुकांच्या तारखा कोणाला आठवतात.

ते आले २०११ च्या चैत्रात. बरोबर बायको प्रेमिला आणि दहावीतली मुलगी कामिनी. मूळचे नरखेड तालुक्यातले, थोरले भाऊ गणपतराव गावी संत्र्याची बाग पाहत. शालिकरामजी सोळा वर्षांचे असताना काटोलला सर्कस आली होती, ते तिच्या मागे गेले ते गेलेच. सहा वर्षं तंबूचे खुंटे ठोकले. मग एक जोकर झुल्यावरून पडून कंबर मोडून बसला, तेव्हा मालक त्यांना म्हणाला, तुझं तोंड लांब आहे, तू ये त्याच्या जागी. पुढे सर्कस बंद पडली आणि ते नागपुरात आले.

यांना भाडेकरू पसंत नव्हता. यांना म्हणजे अनंतरावांना, माझ्या यजमानांना. "जोकर ठेवायचा घरात?" म्हणाले.

"तुमच्या ऑफिसात बत्तीस वर्षं ठेवलेच होते की," मी म्हटलं.

पुढे दोघांची इतकी गट्टी जमली की संध्याकाळचा चहा मागच्या पायऱ्यांवरच होऊ लागला.

मी त्यांना पहिल्यांदा तोंड बनवताना पाहिलं तो रविवार होता. ते मेकअप म्हणत नसत, 'तोंड बनवणं' म्हणत. खोलीत उजेड कमी, म्हणून ते अंगणात स्टूल टाकून बसले होते, आरसा कपड्यांच्या दोरीच्या खिळ्याला टांगलेला. मी पापड वाळत घालत होते. बघते तर हा माणूस आरशात पाहून आवाज न करता हसतोय. हसतो, थांबतो, पुन्हा हसतो आणि काळ्या पेन्सिलीने गालावर बारीक ठिपका देतो.

"हे काय चाललंय, शालिकरामजी?"

"माप घेऊन राहिलो, वहिनी."

"कशाचं?"

"हसन्याचं. कुठपर्यंत जाते ते पाहाव लागते. रोज सारखं नसते ना."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या तोंडावर जे आहे त्याच्यावरूनच गिरवायचं. हसताना गालाचं मांस जिथे गोळा होतं तिथपर्यंत रंग, त्याच्या पुढे नाही. त्यांची डावी भुवई मुळातच थोडी वर होती, म्हणून ती आणखी वर काढायची. दुसऱ्याचं तोंड आपल्यावर चढवलं तर लहान पोरं भितात, कारण आतला माणूस एकीकडे हलतो आणि रंग दुसरीकडे. सर्कशीत अकरा जोकर होते, पण एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नव्हतं. कोणी कोणाची भुवई उचलली तर मारामारी व्हायची.

आधी खोबरेल तेल. मग जस्ताची पावडर पेट्रोलियम जेलीत कालवून केलेला सफेदा, तो बोटांनी थापत थापत. जुन्या मोज्यात टाल्कम भरून त्याची पुरचुंडी केलेली असायची, ती तोंडभर आपटायची, म्हणजे सफेदा बसतो आणि घामाने ओघळत नाही. उरलेली भुकटी ब्रशने झाडायची. मग डोळ्यांवरून खाली येणाऱ्या दोन काळ्या रेघा. आणि सगळ्यात शेवटी लाल. तोही फक्त खालच्या ओठाला आणि तिथून दोन्ही गालांवर वर. वरचा ओठ पांढराच ठेवायचा, तो रंगवला की दुरून तोंड वासल्यासारखं दिसतं म्हणे.

ती लाल रेघ ते एका श्वासात मारत. उजव्या हाताने, ब्रश न उचलता, या गालापासून त्या गालापर्यंत. "बाकी सारं पुसून पुन्हा करता येते," म्हणायचे, "हे नाही येत. हे चुकलं का सारं तोंड धुवा." मी किती तरी रविवार ती रेघ पाहायला म्हणून अंगणात काम काढलं. देवासमोर रांगोळी घालतानाही माझा हात इतका सरळ जात नाही.

प्रेमिला २०१६ च्या पावसाळ्यात गेली. सहा दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. कामिनीचं लग्न त्याच्या आधीच खाप्याला झालं होतं. ते एकटे राहिले. मी मागे जेवणाचा डबा पाठवू लागले. ते डबा घासूनच परत करत, आणि कधी त्यात चार चिंचा, कधी बाजारातून आणलेली मेथीची जुडी. रिकामा डबा त्यांनी कधी दिला नाही.

आता शेंदराचं.

२०१७ च्या होळीनंतर त्यांच्या ओठांवर पुरळ आलं. इतवारीतून आणलेला लाल रंग, डब्यावर नाव ना गाव. ओठ एवढाले सुजले, दोन वाढदिवस सोडावे लागले. मी म्हटलं, "तो डबा फेकून द्या. मी दर शनिवारी मारुतीला शेंदूर वाहते, उरतो त्यातला तुम्हाला देते. तेलात कालवून लावा. देवाच्या अंगाला चालतो तर तुमच्या ओठांना काय होणार आहे."

"देवाचं लेनं जोकरच्या तोंडाले?"

"मारुतीला काय उड्या मारायची कमी हौस होती?"

हसले, पण मान हलवली. "नाही वहिनी. तुम्ही देवाले इचारा आधी. त्यानं हो म्हटलं तं लावीन."

आमच्या गल्लीच्या टोकाला मारुतीचं लहानसं देऊळ आहे. विचारायची रीत अशी की मूर्तीच्या दोन खांद्यांवर ओल्या शेंदरात एकेक कळी चिकटवायची आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझी आई असंच विचारायची, मीही लग्नापासून मुंजीपर्यंत सगळं असंच विचारलं आहे.

डावी पडली.

मी मनाशी म्हटलं, देठ ओला होता. पुन्हा लावली. अर्धा तास दोन्ही तशाच. मग पुजाऱ्याने उकडतंय म्हणून पंखा लावला आणि उजवी पडली. मी नमस्कार करून घरी आले.

"उजवी पडली," शालिकरामजींना सांगितलं.

त्यांनी तिथेच देवळाच्या दिशेने हात जोडले.

पुरळ आठ दिवसांत गेलं. मला किती धन्य वाटलं असेल, कल्पना करा. वहीत लिहिलं आहे, 'मारुतीरायाची कृपा, शा. चे ओठ बरे.' दर शनिवारी मी देवळाबाहेरच्या दुकानातून पुडी घ्यायची, देवाला लावून उरलेला पळसाच्या पानावर घरी आणायची. ते तो मलमलच्या कापडातून गाळून, थोडं मेण वितळवून त्यात घोटून एका डबीत ठेवायचे. रंग लाल नाही, नारिंगी दिसायचा. आमच्या नागपुरात तेच पोरांना आवडलं. संत्रा जोकर, संत्रा जोकर, असं सुरू झालं. वर्धा रोडच्या एका लॉनवरून फोन आला, तो संत्र्याच्या तोंडाचा जोकर पाहिजे, दुसरा पाठवू नका. मग काय, तो रंग त्यांना सुटेना.

माझी एक अट होती. हा प्रसाद आहे, कोणाच्या बेसिनमध्ये, मोरीत धुवायचा नाही. घरी येऊन कापसाने टिपायचा आणि तो कापूस मला द्यायचा, मी पिंपळाखाली ठेवीन. त्यांनी ती पाळली. म्हणजे चार वाजता लावलेला रंग रात्री नऊ-दहापर्यंत ओठांवर. त्याच ओठांनी चहा, समोसा, लग्नातलं जेवण. "तुमच्यापाई समोसा बी पवित्र झाला, वहिनी," म्हणायचे.

एक मात्र सांगते. पोरांच्या गालांवर ते फुलं, मांजरं रंगवत, पण त्याला दुकानातले पाण्याचे रंग. शेंदूर कधी कोणाच्या लेकराला लावला नाही. देवाचं आहे, कोणाच्याही तोंडाला कसं लावू, म्हणत. त्या एका गोष्टीसाठी मी अजून हात जोडते.

लॉकडाऊनमध्ये कामं बंद झाली. गल्लीतली पोरं घरात कोंडलेली. शालिकरामजी रोज पाच वाजता तोंड बनवून आमच्या गच्चीवर जायचे आणि आजूबाजूच्या गच्च्यांवरून पोरं पाहायची. अदृश्य कुत्र्याला फिरवणं, छत्रीशी भांडण, सगळं मुक्यानेच. चाळीस दिवस. आधी शनिवार-रविवारचा शेंदूर, तो रोजचा झाला. देऊळ बंद होतं, पण माझ्याकडे अर्धा किलोची पुडी होती.

पुढच्या वर्षी त्यांचं पोट दुखू लागलं. मुरडा यायचा, चार-चार दिवस पोट साफ होत नसे. चेहरा पिवळट पडला. मी ओवा दिला, हिंग दिला, एरंडेल दिलं. मारुतीचा अंगारा पोटाला लावायला सांगितला. डॉक्टरकडे जा, असं हे म्हणाले, मी म्हटलं एकट्या माणसाचं बाहेरचं खाणं, दुसरं काय. तेव्हा ते खरंच वाटत होतं.

२०२२ च्या तान्ह्या पोळ्याला वॉर्डात कार्यक्रम होता. लाकडी बैल घेऊन पोरं येणार, संत्रा जोकर येणार. दुपारी ते अंगणात तोंड बनवत होते. शेवटची रेघ मारायला हात वर नेला आणि ब्रश मांडीवर पडला. उचलला, पुन्हा पडला. मी जवळ गेले. त्यांनी हात पुढे धरला. कोपरापासून सरळ आणि मनगटापुढे खाली लोंबलेला, जसा मानेत मोडलेला झेंडू.

"पाहा वहिनी," ते म्हणाले, "हात लाजला."

मी हसले. तेही हसले. मग त्यांनी डाव्या हाताने उजवा वर धरून पाहिला. सोडला की पुन्हा खाली.

"आता कसं?" मी विचारलं.

"तुम्ही मारा रेघ."

"मी? परपुरुषाच्या ओठाला हात लावू?"

पायरीवरून हे म्हणाले, "लाव सुमे, लाव. उद्यापासून दारावर ब्यूटी पार्लरची पाटी लावू."

शालिकरामजींनी डोळे मिटले आणि तोंड पुढे केलं. मी रामाचं नाव घेतलं. ब्रश मला जमेना, म्हणून अनामिकेने लावला, देवाला गंध लावतो तसा. आधी खालचा ओठ, मग एक गाल, मग दुसरा. एका श्वासात नाही जमलं, तीन तुकड्यांत झालं. उजवा कोपरा खाली आला.

त्यांनी आरशात पाहिलं. "चालते. आता थोडा तुमच्यासारखा दिसून राहिलो."

पुढचे नऊ महिने त्यांचं तोंड मी बनवलं. सफेदा ते डाव्या हाताने थापत, रेघा मी काढत असे. हसा म्हटलं की हसायचे, मी ठिपके द्यायची. मला ती सेवा वाटायची. शनिवारी मारुतीला शेंदूर चढवावा आणि घरी येऊन त्याच बोटाने शालिकरामजींना, यात मला इतका आनंद होता की मी शनिवारची वाट पाहायची. जितकं भरून लावीन तितकं पुण्य, अशा हिशोबाने मी थर देत होते.

दिवाळीला कामिनी आली, तिने हात पाहिला आणि वडिलांवर ओरडली. हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे नस दबली म्हणून सांगितलं, शेक आणि व्यायाम दिला. त्यात सहा महिने गेले. मग कोणी तरी धंतोलीतल्या मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टरबाई सांगितल्या. २०२३ च्या मे महिन्यात कामिनी आणि मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टर भैरवी, वयाने कामिनीपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठ्या. हात पाहिला, मग बॅटरी घेऊन खालचा ओठ खाली ओढला आणि हिरड्या पाहत राहिल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती. मी नऊ महिने तो ओठ रंगवला, ती रेघ मला कधी दिसली नाही.

"काका, काम काय करता? बॅटरीचा कारखाना? रंगारी?"

"तोंड रंगवतो. माहं सोताचं."

रक्त तपासायला दिलं. चार दिवसांनी पुन्हा गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्तात शिसं आहे, खूप आहे, हाताच्या नसा त्यानेच गेल्या आहेत, पोटही त्यानेच दुखतंय. मग विचारलं, "तोंडाला लाल काय लावता?"

"शेंदूर."

"ओठांना? किती वर्षं?"

"सहा झाले असन."

त्यांनी पेन खाली ठेवलं. बाजारातल्या बऱ्याच शेंदरात शिसंच असतं, म्हणाल्या, तो पोटात जायला नको. "कुठून आणत होता?"

शालिकरामजींनी उत्तर द्यायला वेळ घेतला. त्यांची नजर माझ्या पायांकडे होती. मी पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

"बजारातून," ते म्हणाले.

कामिनी त्यांच्यावर तुटून पडली. "बाबा, तुम्हाले अक्कल नाही काय? ओठाले काहून लावत होते? पोट्ट्याहीले कळते ते तुम्हाले नाही कळलं?" ते ऐकत राहिले. मीही ऐकत राहिले. डॉक्टरबाईंनी सांगितलं, शिसं बाहेर काढायची औषधं देते, पोट बरं होईल. हाताचं सांगता येत नाही. वर्ष-दोन वर्षांत जे परत येईल ते येईल. लवकर आणलं असतं तर जास्त आलं असतं.

रिक्षात कामिनी रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

पुढच्या महिन्यात मी माझंही रक्त तपासून घेतलं. थोडं निघालं, औषध लागेल इतकं नाही.

शेंदूर मी आणत होते, हे मी अकरा दिवस बोलले नाही. कामिनी मागे राहायला आली होती, तिच्याबरोबर मी पथ्याचं केलं, मनगटाला आधार द्यायच्या पट्ट्या धुतल्या. शालिकरामजी नेहमीसारखेच वागत. शेंदराची पुडी मी एका दुपारी उचलली, कुठे टाकावी कळेना, शेवटी तीन पिशव्यांत बांधून कपाटाच्या वर ठेवली. बाराव्या दिवशी यांना सांगितलं.

यांनी पेपर घडी केला. "आणला तू हे मला माहीत आहे. डॉक्टरसमोर का नाही बोललीस?"

"जीभ उचलली नाही."

"मग आता त्याच्याशी बोल. हात वर येईल म्हणून नाही. तो रोज तुझ्या हातचं जेवतो, म्हणून बोल."

दुपारी कामिनी औषधं आणायला गेली होती. शालिकरामजी पायरीवर बसून रबराचा चेंडू दाबत होते, म्हणजे दाबायचा प्रयत्न करत होते.

"डॉक्टरांपुढे तुम्ही बाजार म्हणालात," मी म्हटलं.

"मंग का म्हनू? पोरीपुढं तुमचं नाव घेऊ?"

"घ्यायला हवं होतं."

"तुम्ही घ्याल असं वाटलं मले. थांबलो होतो थोडा." ते रागाने नाही म्हणाले. "जाऊ द्या. शेंदरात का असते, हे तुम्हालेही मालूम नव्हतं, मलेही नव्हतं. दुकानवाल्याले बी नसन. त्याचं मी काही धरून नाही बसलो, वहिनी."

मी तिथेच थांबले असते तर ते आजही आमच्या मागच्या खोलीत असते. पण मला सगळं सांगून मोकळं व्हायचं होतं.

"अजून एक आहे. त्या दिवशी देवळात कळी आधी डावी पडली होती."

त्यांना कळलं नाही. मी सगळं सांगितलं. देठ, अर्धा तास, पुजाऱ्याचा पंखा.

त्यांनी चेंडू पायरीवर ठेवला. तो घरंगळत खाली गेला, आणि दोघांपैकी कोणी उचलला नाही.

"म्हंजे देव नाही म्हने."

"हो."

"अन् तुम्ही मले हो सांगतलं."

"ओठ सुजले होते तुमचे. मला वाटलं..."

"मी तुम्हाले एकच काम सांगतलं होतं. शेंदूर आना नाही म्हटलं, जेवन द्या नाही म्हटलं. देवाले इचारा, एवढंच." त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर ठेवला. "सर्कशीत वरचा मानूस 'आहे' म्हनते, तवा खालचा झुला सोडते. पाहात नाही तो. डोये मिटून सोडते. वरच्यानं आहे म्हटलं अन् तो..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. कामिनी फाटकातून येत होती.

त्या दिवशी डबा भरलेलाच परत आला. भूक नाही, असा निरोप. दुसऱ्या दिवशीही. आठवड्याने गणपतराव मोटारसायकलवर आले, दुसऱ्या फेरीला छोटा टेम्पो. आरसा, स्टूल, रंगांची पेटी, प्रेमिलाची शिलाई मशीन, सगळं गेलं. निघताना ते यांच्या पाया पडले, माझ्याही पडले. रीत म्हणून पडतात तसे.

मग मी दर महिन्याला कामिनीला फोन करायची. पोट बरं झालं. रक्त बरं झालं. हाताचं विचारलं की ती सांगायची, दोन बोटं वर येतात आता, काकू. मग, मनगट थोडं उचलतात. मग, पाण्याचा गिलास धरतात. प्रत्येक वेळी मी देवासमोर दिवा लावला. डॉक्टरांनी दिलेली दोन वर्षं भरत आली होती. त्या मुदतीत ती रेघ परत यावी, इतकंच मागत होते. त्यांनी मला माफ करावं असं मागायची हिंमत नव्हती.

यंदा मे महिन्यात आम्ही दोघं नरखेडच्या एसटीने गेलो. बागेत फळ नव्हतं, पुढच्या बहारासाठी पाणी तोडून झाडं ताणावर सोडलेली, पानं गळत होती. शालिकरामजी विहिरीजवळ बाजेवर बसले होते. मी त्यांना ओळखलं नाही. त्यांनी दाढी वाढवली होती, छातीपर्यंत, पांढरी.

"या अनंतराव. बसा, बाई," ते म्हणाले.

बारा वर्षं मी वहिनी होते.

गणपतरावांच्या पत्नी मायाताईंनी चहा आणला. शालिकरामजींनी कप उजव्या हातानेच घेतला, मला दाखवायला असेल किंवा सवयीने. कप स्थिर होता. 

"हात आला म्हणायचा," हे म्हणाले.

"कप धरन्यापुरता आला. मागच्या महिन्यात धंतोलीले जाऊन आलो. बाईंनी सांगतलं, याच्यापुढं येत नाही आता." मग थोडं थांबून, "रेघ नाही येत."

मी बसमध्ये घोकत आणलेलं बोलून टाकलं. "रंग डॉक्टर सांगतील तोच घेऊ. कंपनीचा, बिल बघून. माप तुम्ही घ्या, रेघ मी मारते. नऊ महिने मारलीच होती. महिन्यातून एकदा इथे येईन, नाहीतर तुम्ही तिकडे या."

पंप सुरू होता. गुरांच्या हौदात पाणी पडत होतं. 

"नको," म्हणाले. "त्याच्यासाठी डोये मिटून तोंड पुढं कराव लागते. ते नाही होत आता माह्याच्यानं."

"कामिनीकडून..."

"कामिनीले बी सांगतलं नको. पेटी विहिरीत टाकली मागच्या पोळ्याले." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "दाढीवर सफेदा बसत नाही, बाई. एक बाल जरी असला तरी फाटते."

यांनी मग पावसाचं काढलं, मोसंबीच्या भावाचं काढलं. ते दोघं तासभर बोलले, चांगले बोलले, एकदा तर हसलेसुद्धा. शालिकरामजी हसले तेव्हा माझं लक्ष आपोआप गालाकडे गेलं, कुठपर्यंत जातंय ते पाहायला. दाढीत काही दिसलं नाही.

निघताना ते उठले, फाटकापर्यंत आले आणि तिथून वळले. रस्त्यावर एसटीला पाऊण तास होता.

"काय म्हणाला गं शेवटी तुला?" यांनी विचारलं. मधलं बोलणं त्यांना पंपाच्या आवाजात ऐकू आलं नव्हतं.

"नको म्हणाले."

"वेळ दे त्याला. मनात ठेवणारा माणूस नाही तो. येईल पुन्हा लायनीवर, बघ."

मी हो म्हटलं. यांना वाटत होती ती आशा मोडून काय मिळालं असतं. गाडी आली, गर्दी होती, आम्हाला वेगवेगळी जागा मिळाली.